नाल्याकडच्या कबरी

मागच्या महिन्यात आमच्या जुन्या चर्चच्या स्मरणिकेसाठी फोन आला. पलीकडे एक तरुण, लाघवी आवाज. "मावशी, तुमचं बालपण चर्चच्या आवारातच गेलं ना? मग काही गोड आठवणी लिहून पाठवा. एक पान पुरे." गोड आठवणी! मी म्हटलं, बाळा, गोड पाहिजे असेल तर हलवायाकडे जा. तो हसला, त्याला वाटलं म्हातारी थट्टा करते. मी थट्टा करत नव्हते. बोरगाव मेघ्यातल्या या घरात बसून जो राग मी इतकी वर्षं गिळत आले, तो एका पानात मावत नाही आणि जाहिरातींच्या मध्ये शोभतही नाही. म्हणून इथे लिहिते. वाचून ज्यांना त्रास होईल त्यांनी खुशाल करून घ्यावा.

आम्ही चर्चच्या मागच्या दोन खोल्यांत राहायचो. बाबा चर्चचे चौकीदार होते. चौकीदार म्हणजे नुसतं राखण करणं नव्हे. झाडू मारायचा, बाकं पुसायची, रविवारी घंटा वाजवायची आणि कोणी मेलं की कब्रस्तानात खड्डा खणायचा. घरात बाबा, मी आणि बाबांची विधवा बहीण, माझी आत्या. माझी माय मी अकरा वर्षांची असताना काविळीनं गेली. सकाळ व्हायची ती कापसाच्या जिनिंगच्या भोंग्यानं, मग स्टेशनाकडून मालगाडीचा आवाज यायचा आणि त्यानंतर आत्याच्या भाकरीचा. आत्या ज्वारीची भाकर थापता थापता भजन म्हणायची आणि भजनाच्या ऐन मध्यात "हाड हाड, मेले, दुधात तोंड घालून राह्यलं" असं मांजराला ओरडून पुन्हा त्याच ओळीवर यायची. आंबाडीची भाजी, त्यावर कच्च्या तेलाची धार, लसणाचा ठेचा. कधी बाबांच्या हाताला मातीचा वास असायचा, तेव्हा समजायचं की आज कोणाचा तरी खड्डा झाला. ते नळाखाली हात धुवायचे, पुन्हा धुवायचे, मग ताटावर बसायचे. बोलायचे फार कमी. आत्या म्हणायची, "तुह्या बापाच्या वाटचं बोलणं त्या घंटेनंच बोलून घेतलं."

आता चर्चविषयी. चर्चचं नाव लिहीत नाही, ज्यांना ओळखायचं ते ओळखतील. आमच्याकडे काही कुटुंबं स्वतःला ‘जुनी घराणी’ म्हणवायची. त्यांचे पणजोबा मिशनच्या पहिल्या काळात वरच्या जातींतून ख्रिस्ती झाले होते, आणि हे ते जवळपास सगळ्यांना रोज सांगायचे. पुढची बाकं त्यांची. प्रभुभोजनाच्या प्याल्याला पहिले ओठ त्यांचे. आम्ही नंतरचे. आमचे आजे गावकुसाबाहेरून आले होते, म्हणून आम्ही मागच्या बाकांवर, आणि प्याला आमच्यापर्यंत पोहोचेस्तोवर त्यात तळाला राहिलेलं गढूळ तेवढं उरायचं. बाप्तिस्म्याच्या पाण्यात जुना माणूस बुडून मरतो असं आम्हाला शिकवलं होतं. मेला असेल. जात नाही मेली, तिला चांगलं पोहता येत होतं. आणि माणूस खरोखर मेला तरी सुटका नव्हती. कब्रस्तानाचं फाटक उघडलं की डाव्या हाताला कडुनिंबाखाली जुन्या घराण्यांच्या पक्क्या कबरी, सिमेंटच्या, वर नावं कोरलेल्या. पायवाट तशीच सरळ पुढे नाल्याकडे उतरायची, तिथे आमचे लोक. मातीचे ढिगारे, भोवती दगडांचं कडं, बस. माझी माय त्या रांगेत पहिलीच होती, वाटेला लागून.

मी शाळेत बायबलची वचनं पाठ म्हणण्यात बक्षिसं मिळवायची. रविवारच्या शाळेत बाई विचारायच्या आणि मी घडाघड म्हणायची, एक शब्द इकडचा तिकडे नाही. आत मात्र काही नव्हतं. माय गेल्यापासून मी गुडघे टेकायची, डोळे मिटायची आणि ऐकायची, तर रिकाम्या रांजणात तोंड घालून हाक मारावी तसं माझंच मला ऐकू यायचं. पुनरुत्थान, पुनरुत्थान! दगडांवर कोरलेला तो शब्द मी इतक्यांदा वाचला होता, पण मायच्या ढिगाऱ्यावर तर दगडच नव्हता. मला वाटायचं, शेवटच्या दिवशी देवदूत नावं वाचत येईल आणि कडुनिंबापाशीच त्याची यादी संपेल. हसू नका. चौदा वर्षांच्या पोरीला असंच वाटतं, आणि तसं वाटण्यासारखंच आम्हाला वागवलं होतं.

बाबांचे धाकटे भाऊ, माझे काका, पवनारला शाळामास्तर होते. त्यांनी दीक्षा घेतली होती, ते बौद्ध झाले होते. महिन्यातून एकदा सायकलवर यायचे, माझ्यासाठी वह्या आणायचे, आणि आमच्या चौकटीत उभे राहून चर्चकडे बघायचे. त्यांच्या घरी मी सुटीत राहिले होते. तिथे कोणी कोणाच्या मागे बसत नव्हतं. काकू माझ्या ताटात स्वतःच्या हातानं वाढायची आणि शेजारचे लोक मला ‘मास्तरची पुतणी’ म्हणायचे, चौकीदाराची पोट्टी नव्हे. एवढ्यानंच मला रडू यायचं. मी चौदा वर्षांची होते त्या सालच्या ईस्टरच्या आधी काका आले तेव्हा बाबांना सरळच म्हणाले, "दादा, पोरीले मी नेतो. शिकवतो. तुह्या त्या देवानं तुले झाडू देल्ला, आता तिच्याबी हाती देशील का?" बाबांच्या आधी मी बोलले. "काका, ईस्टर झाला का सोमवारी या. मी येतो तुमच्यासंग." आत्या चुलीपाशी होती, तिच्या हातातली भाकर तव्याबाहेर पडली.

आमच्याकडे ईस्टरची एक रीत होती. पवित्र आठवड्यात कबरींना चुना लावायचा आणि पुनरुत्थानाच्या पहाटे, दिसायला लागायच्या आत, सगळ्यांनी कब्रस्तानात जायचं. दिवा न्यायचा नाही. पहिल्या ईस्टरला बाया येशूच्या कबरीकडे अंधारातच गेल्या होत्या, म्हणून आम्हीही अंधारातच जायचं. ज्यानं त्यानं आपल्या माणसाच्या कबरीपाशी गुडघे टेकायचे, प्रार्थना करायची, आणि पाळकसाहेबांनी "ख्रिस्त उठला आहे!" असं पुकारलं की मगच काडी ओढून मेणबत्त्या लावायच्या. अंधारात वाट दाखवायला तेवढा चुन्याचा पांढरा रंग. आणि चुना, अर्थातच, फक्त पक्क्या कबरींना. पंच कमिटीचा तसा नियमच होता. मी बाबांना दरवर्षी विचारायची, "मायच्या कबरीले काऊन नाई?" ते म्हणायचे, "मातीवर चुना धरत नाई, बाई." मातीवर चुना धरतो की नाही हे बघायला कोणी कधी लावून तर पाहिला नव्हता.

त्या साली चुना भिजवायला उशीर झाला, कारण घराण्यांपैकी एकाच्या घरी लग्नाची गडबड होती आणि बाबांना तिकडे मांडव बांधायला जुंपलं होतं. पवित्र आठवड्यात! शनिवारी दुपारी बाबांनी ड्रममध्ये कळीचा चुना टाकून पाणी ओतलं. तो उकळतो तसा खदखदायला लागला आणि एक शिंतोडा त्यांच्या डोळ्यात उडाला. आत्यानं त्यांना नळाखाली धरलं, किती वेळ धरलं, डोळा लालभडक, उघडता येईना. बाबा खाटेवर पडून म्हणाले, "मार्थे, नीळ टाकून घोटून घे अन् कडुनिंबाखालच्या कबरीवर कुंचा फिरवून येजो. सांज व्हायच्या आत." मी बादली घेतली. खरं सांगते, घरातून निघताना माझ्या मनात काही नव्हतं. कडुनिंबापर्यंत गेले. तिथे गेल्या पावसाळ्याच्या शेवाळानं काळ्या पडलेल्या कबरी होत्या, आणि पहिली होती ती दमयंतीबाईंच्या नवऱ्याची. दमयंतीबाई म्हणजे घराण्यांतलं सगळ्यात मोठं घराणं. माय आजारी असताना बाबा त्यांच्याकडे टांगा मागायला गेले होते, दवाखान्यात न्यायला. त्या म्हणाल्या होत्या, घोडा आत्ताच चारा खातो आहे. मला तो घोडा आठवला आणि मी बादली घेऊन सरळ पुढे चालत गेले.

मी मायचा ढिगारा रंगवला. आधी कुंच्यानं, मग हातानंच ओतून, थापून. चैत्राची तापलेली माती, घटाघट पीत होती, आणि वाळली तशी पांढरी होत गेली. बोटं चरचरत होती. मग तिच्या शेजारचा रंगवला, मग त्याच्या शेजारचा, सगळी रांग. बादली सरली की घरी येऊन पुन्हा भरून न्यायची. आत्यानं विचारलं, "होऊन राह्यलं का?" मी म्हटलं, होऊन राह्यलं. खोटं नव्हतं ते. सूर्य बुडाला तेव्हा नाल्याकाठची आमची रांग लख्ख दिसत होती आणि कडुनिंबाखाली कुट्ट काळं. मला इतका आनंद झाला होता की मी एकटीच नाल्याकाठी उभी राहून मोठ्यानं हसले. सूड होता तो, दुसरं काही नाही. उद्या त्यांनी त्यांच्या काळ्या कबरी चाचपत शोधाव्यात, एवढंच मला हवं होतं.

पण झालं भलतंच. आमचे पाळकसाहेब गेल्या पावसाळ्यातच बदलून आले होते, इथला त्यांचा पहिला ईस्टर. पहाटे ते सगळ्यांच्या पुढे चालत होते. फाटकातून आत शिरले, त्यांना सांगितलं होतं की पांढऱ्या कबरींपाशी जायचं, आणि पांढरं दिसत होतं ते सरळ समोर. ते चालत गेले. मागे जुनी घराणी, ओळीनं, मान खाली, हातात फुलं. कोणी डावीकडे वळलं नाही. कशाला वळतील? आयुष्यभर त्यांच्या कबरीच तेवढ्या पांढऱ्या होत्या. नाल्यापाशी पोहोचून ज्यानं त्यानं अंदाजानं आपापली जागा धरली, पहिली आमची, दुसरी तुमची, तिसरी त्यांची, आणि गुडघे टेकले. आम्ही नाल्याकडचे लोक सगळ्यात मागे. पुढे येऊन बघतो तर आमच्याच मायबापांपाशी आम्हाला उभं राहायला जागा नाही! आत्यानं माझा दंड धरला. तिला सगळं समजलं होतं. "मार्थे," ती कानात म्हणाली, "काय करून ठेवलं व तू हे?"

माझ्या मायपाशी दमयंतीबाई बसल्या होत्या. मी त्यांच्या पाठीमागे, दोन हातांवर. त्यांनी मोगऱ्याचा गजरा आणि गुलाब चाचपत ढिगाऱ्यावर ठेवले, मग दोन्ही तळवे मातीवर टेकले. मला वाटलं आता कळेल, हाताला सिमेंट नाही, माती लागतेय. पण त्या रडत होत्या. एवढी मोठी बाई, जिनं घोडा दिला नाही, ती लहान पोरीसारखी नाक ओढून रडत होती. आणि हलक्या आवाजात म्हणाली, "प्रभू, इथं जे कोणी निजलं आहे ते तुझं आहे. त्याला विसरू नकोस. तुझ्या हातानं उठव. मला तेवढी एकच आशा आहे." चारी बाजूंना तेच चाललं होतं. घराण्याघराण्यांतले लोक आमच्या मेलेल्यांची नावं न जाणता, त्यांच्या मातीवर डोकं टेकून, त्यांना उठव म्हणून देवाला विनवत होते. कोण पुढचं, कोण मागचं, कोण कोणाचं, काही दिसत नव्हतं. मायच्या जाण्यानंतर पहिल्यांदा मला वाटलं की ती आहे. कुठे ते माहीत नाही, पण आहे, आणि कोणाच्या तरी लक्षात आहे. मी आजवर खूप प्रवचनं ऐकली, आता तर मोबाईलवर रोज पाच येतात, पण पुनरुत्थान म्हणजे काय ते मला त्या पाऊण घटकेत जेवढं कळलं तेवढं पुन्हा कोणी सांगू शकलं नाही.

मग पाळकसाहेबांनी पुकारलं, "ख्रिस्त उठला आहे!" सगळे म्हणाले, "खरोखर उठला आहे!" काड्या ओढल्या गेल्या, मेणबत्त्या पेटल्या. कोणीतरी बाई किंचाळली, "अगं बाई, हे कुठे आणलंत आम्हाला?" दमयंतीबाईंनी मेणबत्ती उचलून समोर बघितलं. मातीचा ढिगारा, दगडांचं कडं, त्यावर त्यांची फुलं. त्या उठल्या, पातळ झटकलं. मग वाकल्या, आणि एकेक करून फुलं परत उचलली. गजरासुद्धा. त्यावरची माती फुंकून उडवली. सगळ्यांनी तेच केलं. माझ्या डोळ्यांसमोर, मेलेल्यांच्या अंगावरून फुलं काढून घेतली आणि ओळीनं कडुनिंबाकडे गेले. जाताना फाटकापाशी नळावर हात धुतले. हात धुतले!

दिवस वर यायच्या आत पंच कमिटी चर्चच्या ओसरीवर बसली. बाबा डोळ्यावर ओली पट्टी धरून उभे. मी पुढे होऊन म्हटलं, मी केलं, बाबांना माहीत नव्हतं. पंचांतले एक म्हणाले, "पोरीनं पुढच्या रविवारी मंडळीसमोर गुडघे टेकून माफी मागावी. नाहीतर खोल्या रिकाम्या करा." पाळकसाहेब स्वतःच्या चपलांकडे बघत राहिले. मला वाटलं, बाबा आता हात जोडतील. आयुष्यभर त्यांना तेवढंच करताना बघितलं होतं. बाबा म्हणाले, "साहेब, पहिल्या ईस्टरले त्या बायाबी रिकाम्या कबरीपाशी, चुकीच्याच जागी गेल्या होत्या. देवदूतानं त्याहिले माफी नाई मागायले लावली." मग कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडून ओसरीवर ठेवला. "पोरगी गुडघे टेकन, पन तुमच्यापुढं नाई." एवढं बोलून ते घराकडे वळले आणि आत्यानं भांडी बांधायला घेतली.

घरी येऊन मी मात्र त्यांच्यावरच तुटून पडले. तिथे थंडपणे बोलून काय मिळवलं? शिव्या का नाही दिल्या? ते लोक फुलं उचलत होते तेव्हा यांनी एखाद्याचा हात का नाही धरला? मायच्या अंगावरून फुलं काढून नेली आणि हे देवदूताच्या गोष्टी सांगतात! "बाबा, हे चर्च म्हणजे नुसतं ढोंग आहे, अन् तुमचा देव बी त्याहिच्याच बाकावर बसते!" मी किंचाळत होते. बाबा खाटेवर बसले होते, दुखऱ्या डोळ्यातून पाणी गळत होतं, आणि चांगल्याही डोळ्यातून. ते म्हणाले, "दमयंतीबाई काय म्हणाल्या तुह्या मायपाशी? तू जवळ होती." मी सांगितलं, शब्दन् शब्द. वचनं पाठ करायची सवय होती मला. ते ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "फुलं उचलून नेली तिनं. प्रार्थना कशी उचलून नेईन, पोरी? ते तर वर गेली. आता देवाले ते ऐकाच लागन." मी मातीवर बसले आणि रडले, आणि रडता रडता देवाशी बोलायला लागले. वचनं नव्हती ती. तू कुठे होतास, घोडा चारा खात होता तेव्हा तू कुठे होतास, त्यांना तू हात कसे धुऊ देतोस, असं काहीबाही, मोठमोठ्यानं, नावं ठेवून. त्या वेळी पहिल्यांदा मला कोणीतरी ऐकतं आहे असं वाटलं. आत्या दारात उभी होती, तिनं मला गप्प केलं नाही.

सोमवारी सकाळी काका सायकल घेऊन आले. खोल्यांत नुसत्या भिंती उरल्या होत्या, सामान बाहेर अंगणात, बोरगाव मेघ्याला नेणाऱ्या बैलगाडीची वाट बघत. काकांना आत्यानं सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा रागानं काळा पडला. ते म्हणाले, "झालं आता. चाल मार्थे, बस मागं. दादा, तुम्ही बी चाला सगळेच. अशा लोकांत आता एक दिवस नाई."

मी माझी पिशवी उचलली होती. ती खाली ठेवली. "काका, मी नाई येत."

"काऊन?" ते थक्क झाले. "परवाच तर म्हणाली येतो म्हणून. अन् एवढं झाल्यावर?"

"एवढं झालं म्हणूनच." मला नीट सांगता येत नव्हतं. "माहं त्या लोकाईशी भांडण बाकी आहे. अन् देवाशी बी. आता कुठं तो ऐकून राह्यला."

काकांनी चर्चकडे बघितलं, बाबांकडे बघितलं, आणि सायकल भिंतीला टेकवून बाह्या वर सारल्या. आमची पेटी उचलता उचलता म्हणाले, "ठीक आहे. मग भांडशील तर मोठ्यानं भांडजो."